हा वाटा कोणाचा?

चंद्रपूरच्या मच्छीबाजारात रविवारी सकाळी पळसाच्या पानावर बारीक मासोळीचा वाटा मांडलेला दिसतो, आणि माझा रविवार तिथेच कामातून जातो. बर्फात निजून दूरवरून आलेल्या मोठ्या माशांना बर्फाचा वास असतो, प्रवासाचा असतो, फार तर पेटीतल्या थर्माकोलचा. ह्या बोटभर मासोळीला मात्र तळ्याचा वास येतो. उन्हात तडकलेला गाळ, कुजत आलेले कमळाचे देठ, काठावरच्या मोहाखाली पडून आंबलेली फुलं, आणि ह्या सगळ्यांच्या तळाशी ओल्या जाळ्याचा तो कडवट वास. मी पानावर वाकतो, डोळे मिटतो आणि नाटकातल्या राजासारखा दीर्घ श्वास घेतो. विकणारी बाई आता मला ओळखते.

"भाऊ, नुस्ता वासच घेऊन राह्यले का? वाटा घ्या ना."

"वासाचे पैसे नाई ना, बाई?"

"वास तुमाले फुकट. पन नाक वर करा, मांगं गिऱ्हाईक उभं हाय."

त्या रविवारचं मागचं गिऱ्हाईक म्हणजे मोहर्लीहून वाघ बघून परतणारा एक हसतमुख पाहुणा होता. टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात फोन. त्याने वाकून वाट्याचे चारी बाजूंनी फोटो काढले, "क्या बात है, हे सगळ्यांशी शेअर केलंच पाहिजे," असं स्वतःशीच म्हणाला, अंगठा दोनदा दाबला आणि काही न घेता निघून गेला.

"काय केलं जी त्यानं?" बाईने विचारलं.

"तुमच्या मासोळीत सगळ्याईले वाटा दिला म्हने."

तिने पानाकडे नीट पाहिलं. एकेक मासोळी जागच्या जागी होती. "इथी तर पुरा हाय," ती म्हणाली, आणि पाणी शिंपडून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तिचं ते 'पुरा हाय' माझ्या घशात काट्यासारखं अडकलं. घरी येऊन मी कपाटावरचा जाडा कोश खाली काढला. एखादा शब्द फारच गोड बोलायला लागला की मी त्याची वंशावळ तपासतो, लग्नाच्या बैठकीत स्थळाची तपासतात तशी. आणि काय सांगू, ह्या गोडबोल्या 'शेअर'चं सगळं खानदान सुऱ्या-कात्र्यांचं निघालं! कापून काढलेला तुकडा, तो शेअर. मेंढीची लोकर कातरणारी 'शिअर्स' ही त्याची जवळची बहीण. नांगराच्या टोकाला जमीन चिरत जाणारा फाळ, त्यालाही इंग्रजीत शेअरच म्हणतात. जरा लांबच्या नात्यात शिरलो तर कापून आखूड झालेला 'शॉर्ट' भेटला, अंगावरचा 'शर्ट' भेटला, त्याच्या पाठोपाठ 'स्कर्ट' आली, लाकडावर खाच पाडून हिशेब ठेवणारा 'स्कोअर' काठी टेकत आला. सगळे एकाच पात्याचे वंशज. फार जुन्या काळी संन्याशाच्या टाळूवर वस्तरा फिरायचा त्यालाही ह्याच शब्दाचं जुनं रूप वापरत, आणि माणसाचं धड जिथे दोन पायांत फाटतं त्या जागेलाही. ह्या शेवटच्या नातेवाइकाबद्दल मी भर बैठकीत अधिक बोलत नाही. आणि गंमत अशी की हे सारं नामाचं घराणं. 'शेअर करणं' हे क्रियापद त्यात कित्येक शतकांनी जन्मलं. म्हणजे साहेबाने आधी तुकडा पाडला, आणि देण्याचं त्याला सवडीने सुचलं.

मला साहेबाला मनसोक्त हसायचं होतं, पण हसू अर्ध्यावर थांबलं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? फाळ आणि फाळणी हे दोन शब्द एकाच अंगणात बसलेले आहेत. त्यांचं नातं रक्ताचं की शेजाराचं ते पंडितांनी ठरवावं, चेहरेपट्टी मात्र सारखी आहे. वाटणीत धार येतेच. जिथे धार नाही तिथे वाटणीही नाही, नुसता देखावा आहे, हे त्या बाईने एका नजरेत सांगितलं होतं. फोनवरच्या शेअरमध्ये देणाऱ्याचं काही कमी होत नाही. म्हणून तर तो इतका सोपा झाला. मी मात्र अशा माणसांत वाढलो ज्यांच्या वाटणीत देणाऱ्याचा ढीग डोळ्यांदेखत खाली बसायचा, आणि अशा बाईच्या हातचं खाल्लं जिने तलावाच्या भर पाळीवर, म्हणजे बांधावर, पात्याने वाटणी केली. तिचं नाव मी इथे घेणार नाही. कोणाचंच घेणार नाही. आमच्यात नाव पाठमोरं घ्यायचं असतं, आणि तुम्ही तर माझ्या समोर बसला आहात.

हे पाठमोरं नाव घेणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचं गाव आरमोरीकडच्या भातपट्ट्यातलं, आणि गावाच्या उशाला जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या काळातला तलाव. आमची घरं मासोळी धरणाऱ्यांची. पोटाचा एक कोपरा धानाने भरायचा, दुसरा तलावाने. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक दिवस ठरवून सगळं गाव तलावात उतरे. पुरुष मोठं जाळं दोन्ही टोकांनी ओढत आणत, बाया काठच्या चिखलात झिंगे चाळत, आणि दुपार कलायच्या आत सगळी मासोळी पाळीवर येऊन पडे, चांदीच्या ढिगासारखी उड्या मारत. मग पळसाची पानं अंथरायची आणि त्यांवर वाटे घालायचे. दर वाट्यात थोडी मरळ, थोडा रोहू, मूठभर झिंगे, वर बारीक मासोळीची चिमूट. डोळ्याला सगळे सारखे दिसेपर्यंत इकडची मासोळी तिकडे.

पण खरा खेळ त्यानंतर. गावातला एक म्हातारा उठे, वाट्यांकडे पाठ करी आणि तलावाकडे तोंड करून उभा राही. दुसरा कोणी एका वाट्यावर हात ठेवून मोठ्याने विचारी, "हा कोनाचा?" पाण्याकडे बघत म्हातारा एक नाव घेई. तो वाटा त्याचा झाला. मरळ लहान निघो की मोठी, तक्रार नाही. कारण नाव घेणाऱ्याला वाटा दिसत नाही आणि हात ठेवणाऱ्याला नाव ठाऊक नाही. बोललं ते गेलं, एवढाच कायदा. नाव घेणाऱ्याचा स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी. आणि म्हातारा जी नावं घेई त्यांत जाळं ओढणारे असत तसे न ओढणारेही असत. बाजेवरची बाळंतीण, तापाने निजलेला, घरात पुरुष माणूस न उरलेली बाई. तलाव त्यांचाही होता.

मी ब्रह्मपुरीला कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात ह्या कायद्यावर संकट आलं. तलाव गाळाने भरत चालला होता, मासोळी कमी, चुली जास्त. मासेमारांच्या सोसायटीचा नवा सेक्रेटरी, माझाच चुलतभाऊ लागायचा, जाळं पाळीवर येताच उभा राहिला आणि म्हणाला, "यंदापासून ज्याचा हात जाळ्याले, त्याचा वाटा. बाकीच्याईनं बजारातून घ्यावं. अन् हे पाठ-बीठ काई नको, मी हातोहात देतो." माणूस वाईट नव्हता. हिशेबी होता. मग त्याने वाटेही तेवढेच घातले, ओढणाऱ्यांपुरते. नाव घेणारा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून गप्प बसला. आम्ही ओढणारेही गप्प राहिलो. ढीग मोठा मिळत असेल तर माणसाला कायदा पटकन पटतो.

गप्प बसली नाही ती माझी मोठी माय, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा त्याच थंडीत गेले होते. मुली सासरी. तिच्या घरातून जाळ्याला लागेल असा हात त्या वर्षी पहिल्यांदाच आला नव्हता. गावात विधवा बाईने वाटपाच्या वेळी बायांच्या घोळक्यात मागे बसायचं असतं. ही तडक वाट्यांच्या मधोमध आली. बारीक अंगाची, नाकात फुली नसलेली, आणि आवाज मात्र असा की पलीकडच्या काठचे बगळे उडावेत.

"काऊन रे, जाळं काय झाडाले लागलं होतं? पुरा पावसाळा आम्ही बाया गाठी मारून राह्यलो, ते कोनासाठी?"

"गाठी मारनं अन् ओढनं येक हाय का, मोठे माय?"

"तू जलमला तवा तुया मायले घरी वाटा गेला होता. तिनं काय बाजेवरून जाळं ओढलं होतं?"

पाळीवर हसू फुटलं. सेक्रेटरीचे कान लाल झाले. "मागचं काढू नको. आता नियम झाला."

"मंग मले तुयं तोंडच पाहाचं नाई," मोठी माय म्हणाली, हात कमरेवर ठेवले, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून तलावाकडे बघत उभी राहिली.

इथे एक गोष्ट घडली जी जगात दुसऱ्या कुठल्या गावात घडली नसती. सेक्रेटरी संतापला. त्याला म्हणायचं होतं की हा वाटा ओढणाऱ्याचा आहे, तुझा नाही. संतापाच्या भरात तो खाली बसला, पुढ्यातल्या वाट्यावर त्याने थाडकन हात मारला आणि ओरडला, "मंग तूच सांग! हा कोनाचा? सांग, कोनाचा हा?"

वाट्यावर हात. तोंडात प्रश्न. आणि समोर पाठमोरं माणूस.

काय होऊन बसलं ते त्याच्या आधी आम्हाला कळलं. त्याने जन्मभर ज्या रीतीने वाटे पाहिले होते ती रीत त्याच्या हातातच मुरलेली होती. डोक्याने रीत मोडली, हाताने पाळली. मोठ्या मायने मान वळवली नाही. पाण्यावरून तिचा आवाज आला. स्वतःचं नाव घेईल असं मला वाटलं होतं. तिने नाव घेतलं ते शेवटच्या गल्लीतल्या बाळंतिणीचं.

"अवो, तसं नाई, मी तर..." सेक्रेटरी चाचरला.

काठीवरची हनुवटी उचलली गेली. म्हातारा हसत होता, दात नसलेल्या तोंडाने, लहान मुलासारखा. "हात ठेवला तू. इचारलं तू. ते बोलली. बोललं ते गेलं, बाबू." आणि मग गुडघ्यांवर हात देत तो स्वतः उठला. "हे वाटे मोडा. घराघरानं घाला, पहिल्यासारखे. हात मी ठेवतो. नाव ते घेईल."

एका बाईने, त्यातून विधवेने, वाट्याची नावं घ्यायची, असं आमच्या तलावाने कधी पाहिलं नव्हतं. एकदोन तोंडं उघडली आणि म्हाताऱ्याकडे बघून मिटली. ढीग मोडले. माझ्या पुढ्यातला ढीग मी स्वतः मोडला, आणि खरं सांगतो, त्यातली एक लठ्ठ मरळ दुसऱ्या पानावर जाताना माझा जीव तिळतिळ तुटला. शेअर ह्या शब्दाचा अर्थ मला कोशात कळला तो अलीकडे. पोटात कळला तो तेव्हा.

मग ती नावं घेत गेली. गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दारामागून दार. जणू ती पाण्यावरून चालत गावातून फिरत होती आणि प्रत्येक उंबऱ्याशी थांबत होती. ज्यांनी तिच्या बाजूने तोंड उघडलं नव्हतं त्यांचीही नावं घेतली, माझंही. शेवटी पाळीवर एकच वाटा उरला, आणि नाव न आलेली माणसं दोन. ती आणि सेक्रेटरी.

चूक म्हाताऱ्याची होती. सेक्रेटरी त्याच वर्षी भावापासून वेगळा निघाला होता, मधे भिंत घालून. म्हाताऱ्याच्या डोक्यात मात्र ती चूल अजून एकच होती. त्याने दोन्ही भावांचा मिळून एक वाटा घातला, आणि मोठ्या मायनेही दोघांना एकाच चुलीत धरून तो थोरल्याच्या नावाने केव्हाच देऊन टाकला होता.

"हा कोनाचा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माया," मोठी माय म्हणाली, आणि वळली.

समोर सेक्रेटरी उभा होता, रिकामं पान हातात घेऊन. सकाळपासून जाळ्याला सगळ्यांत पुढे त्याचेच हात होते, तळवे सोलले होते. त्याचा नियम चालला असता तर त्याला सगळ्यांत आधी मिळालं असतं. आता कोणी हसलं नाही. मोठी माय खाली बसली. झिंगे आणि बारीक मासोळी तिने मुठीने दोन पानांवर सारखी केली. मरळ मात्र एकच होती. तिने मागे हात केला, कोणीतरी मासोळी चिरायची पावशी पुढे सरकवली. पावशीच्या पाटावर पाय रोवून, उभ्या पात्यावर तिने ती मरळ दोन्ही हातांनी दाबली. करकन आवाज झाला. दोन तुकडे तिने शेजारी शेजारी ठेवले, डोक्याकडचा आणि शेपटीकडचा, आणि हात पुसत म्हणाली, "कापलं मी. उचल तू."

ज्याने कापलं त्याने उचलायचं नाही. आमच्या घराघरांत हा दंडक आहे. भाकरीचा असो की आंब्याचा, दोन भावंडांत एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी घ्यायचं. मरळीच्या डोक्याला आमच्याकडे जी चव मानतात ती शेपटीला नाही, हे तिथल्या लेकरालाही ठाऊक होतं. सेक्रेटरी पानाशी वाकला. मग त्याने शेपटी उचलली.

"डोकं घे ना रे, लाजतं काऊन?"

"नाई. हेच बरं हाय."

"मंग बस उपाशी," ती म्हणाली आणि खळखळून हसली, आणि त्या हसण्याने पाळ पुन्हा जिवंत झाली. नियमाचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही. पुढच्या वर्षी पाठमोरं कोण उभं राहणार हे विचारायची गरजच पडली नाही. कितीतरी उन्हाळे ती उभी राहिली, आणि तिला पाठीमागून बघत आमच्या गावच्या दोन पिढ्या वाढल्या.

कोशात एवढं सगळं सापडलं, पण हे मात्र सापडलं नाही. पातं तिथे आहे, तुकडा आहे, फाळ आहे, कात्री आहे. कापणाऱ्याने हात मागे घ्यायचा, हे कुठल्या शब्दाच्या मुळाशी लिहिलेलं नसतं. ते पाळीवर बसून बघावं लागतं. म्हणून फोनवर कोणी मला काही 'शेअर' केलं की मी आता हट्टाने विचारतो, तुझ्यातलं काय कमी झालं? लोक चिडतात. मला मजा येते.

ह्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. तलाव आणखी उथळ झाला आहे, जाळं नायलॉनचं आहे, मोठे मासे काट्यावर तोलून व्यापाऱ्याच्या गाडीत जातात. पण गावाच्या वाट्याची मासोळी अजून पळसाच्या पानावरच मांडतात. म्हातारा कधीच गेला. मोठ्या मायला आता उभं राहवत नाही. मोहाच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती बसली होती. वाटे घालून झाले, माणसं तिच्याकडे बघू लागली. तिने माझ्याकडे बोट केलं.

"तू राह्य उभा. लय बोलतं ना."

मी आयुष्यभर कचेरीत, लग्नात, चौकात, मिळेल त्या मंचावर उभा राहून बोलत आलो. त्या दिवशी वाट्यांकडे पाठ केली आणि मला एकही नाव आठवेना. समोर नुसतं पाणी, त्यावर ऊन. आणि तेव्हा मला ती जागा कळली. गावाकडे तोंड केलं की आलेले दिसतात. पाठ फिरवली की न आलेले दिसायला लागतात. पाण्यावर एकेक दार उघडत गेलं, आणि एका दाराआड, भावाच्या भिंतीला लागून, मला बाज दिसली. सेक्रेटरीला दोन पावसाळ्यांपासून लकवा आहे. उजवा हात हलत नाही. जाळ्याला तो हात आता लागणार नव्हता.

"हा कोनाचा?" मागून प्रश्न आला.

मी त्याचंच नाव घेतलं. पहिलं.

मागे खुर्ची करकरली आणि तो ओळखीचा आवाज आला, म्हातारा झालेला, पण अजून बगळे उडवील असा. "हाव, त्याचाच. अन् मरळ टाका त्याले. डोक्याकडली."

पाणी स्तब्ध होतं. मला वळून बघायचा फार मोह झाला, पण वळलो नाही. दुसऱ्या वाट्यावर हात पडल्याचं मला ऐकू आलं होतं, आणि गल्लीतली कितीतरी दारं अजून बाकी होती.